पेन्शन कुणाच्या मर्जीवर?

दुसऱ्या बाजीरावांना इंग्रजांनी वर्षाला आठ लाख रुपयांची पेन्शन लावून दिली होती. १८५१ मध्ये ते वारले आणि त्यांचे दत्तक पुत्र नानासाहेबांना ती नाकारली गेली. पेन्शन देणाऱ्याच्या मर्जीवर असते, ही त्या काळची धारणा. १८७१ च्या पेन्शन कायद्याने तिला बळच दिले. जिल्हाधिकाऱ्याच्या दाखल्याशिवाय पेन्शनचा दावा दिवाणी न्यायालयाने ऐकायचा नाही, अशी त्यात तरतूद होती.

ही धारणा मोडायला शंभर वर्षे लागली. १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शनला मालमत्ता मानले. १७ डिसेंबर १९८२ रोजी, यशवंत चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, नकारा खटल्यात त्याहून पुढचे पाऊल पडले. ३१ मार्च १९७९ पूर्वी निवृत्त झालेल्या सरकारी नोकरांना सुधारित पेन्शनमधून वगळण्यात आले होते. ही विभागणी न्यायालयाने रद्द केली आणि पेन्शन म्हणजे झालेल्या सेवेचा मोबदला आहे, दान नव्हे, असे बजावले. पुढे सरकारी कर्मचाऱ्यांनी एकरकमी पैसे घेऊन ‘विकलेली’ पेन्शन पंधरा वर्षांनी पूर्ववत होऊ लागली, तीही न्यायालयाच्याच निर्णयामुळे.

पण त्याच १९८२ साली मुंबईचा गिरणी कामगार संपावर होता आणि या तत्त्वाचा त्याला काहीच उपयोग नव्हता. त्याच्याकडे पीएफ होता आणि १९७१ ची कुटुंब पेन्शन योजना. स्वतःच्या म्हातारपणासाठी महिन्याची पेन्शन देणारी योजना खासगी कामगाराला मिळाली ती थेट १६ नोव्हेंबर १९९५ ला. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के आणि सरकारचे १.१६ टक्के तिच्यात जमा होतात. पगार कितीही असो, बहुतेकांचा हिशेब ठरावीक मर्यादेपर्यंतच. २०१४ पर्यंतच्या ६,५०० रुपयांच्या मर्यादेत तीस वर्षांच्या पेन्शनपात्र सेवेचे महिन्याला सुमारे २,७८५ रुपये होत. त्यावर महागाई भत्ता नाही. रक्कम तीच राहते, औषधांचे बिल मात्र दरवर्षी वाढते.

या योजनेतली विक्रीची सोय २००८ मध्ये अधिसूचनेने बंद झाली. ज्यांनी त्याआधी पेन्शन विकली होती, त्यांची कपात तशीच चालू राहिली. २०२० मध्ये दुसरी अधिसूचना निघाली आणि पंधरा वर्षे पूर्ण झालेल्यांना पूर्ण पेन्शन परत मिळू लागली. सुमारे सहा लाख तीस हजार वृद्धांना दिलासा मिळाला, याचा आनंदच आहे. पण जे एका अधिसूचनेने मिळते, ते दुसरीने जाऊ शकते. १८७१ ची मर्जी इथे नव्या कागदावर शिल्लक आहे.

म्हणूनच प्रश्न केवळ आकड्याचा नाही. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने २०१३ मध्ये या योजनेसाठी महिन्याला किमान ३,००० रुपयांची शिफारस केली. सप्टेंबर २०१४ पासून लागू झाले १,००० रुपये. शिफारस आणि अंमल यांमधले हे अंतर कायदाच मिटवू शकतो. संसदेने किमान पेन्शनची रक्कम कायद्याच्या कलमात लिहावी, ती महागाईशी जोडावी आणि जुन्या निवृत्तांनाही त्याच तारखेपासून लागू करावी. यासाठी पैसा लागेल आणि तो सरकारच्या तिजोरीतूनही यावा लागेल, हे मान्यच करायला हवे. पण कारखान्यात राबलेल्या माणसाने त्याच्या बाजूचा करार केव्हाच पुरा केला आहे. सरकारी नोकराच्या बाबतीत १९८२ मध्ये मान्य झालेले तत्त्व त्यालाही लागू करणे, हे या देशावरचे जुने देणे आहे.