पाठीआडचं देणं

आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या नियमाप्रमाणे व्यावसायिक सायकलपटूंचे पुढच्या हंगामाचे संघबदल १ ऑगस्टपासून जाहीर करता येतात. जुने करार मात्र ३१ डिसेंबरला संपतात. मधले पाच महिने मोठे अवघड असतात. अमका पुढच्या वर्षी प्रतिस्पर्ध्याकडे जाणार हे सगळ्यांना ठाऊक झालेलं असतं, आणि तरीही तो जुनीच जर्सी घालून, जुन्याच सहकाऱ्यांसाठी वारा अंगावर घेत घाट चढत असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये बेल्जियमचा ऑलिंपिक विजेता रेम्को एव्हेनपूल क्विक-स्टेप सोडून रेड बुल-बोराकडे जाणार, अशी घोषणा झाली. ज्या संघातून त्याने व्यावसायिक कारकीर्द सुरू केली, त्याच्याशी असलेला करार संपायला अजून एक वर्ष बाकी होतं. अशा वेळी चाहते विचारतात, हा निष्ठेला चुकला का? माझ्या मते हा प्रश्न चुकीच्या दाराशी जाऊन विचारला जातो. संघ सोडण्यात बेइमानी नसते, कारण निष्ठा वाहावी असा टिकाऊ संघ या खेळात जवळजवळ नाहीच. म्हणून निष्ठेचा प्रश्न मिटतो असंही नाही. ती माणसांना देय असते. जाईपर्यंत कसे राबलात आणि जाताना कुणाचं काय फेडलंत, यावर तिचा हिशेब होतो.

आधी संघ म्हणजे काय ते पाहू. फुटबॉलच्या क्लबाला मैदान असतं, तिकीटबारी असते, बहुधा एक शहर असतं. सायकलिंगच्या संघाला यातलं काहीच नाही. शर्यत सार्वजनिक रस्त्यावर होते, कडेला उभं राहून पाहायला पैसे पडत नाहीत, आणि प्रक्षेपणहक्कांचं उत्पन्न आयोजकांच्या खिशात जातं. संघ जगतो प्रायोजकाच्या पैशावर, आणि प्रायोजक त्या बदल्यात संघाचं नावच विकत घेतो. नेदरलँड्समधल्या राबोबँक संघाला १९९६ पासून हे नाव होतं. लान्स आर्मस्ट्राँगच्या उत्तेजक प्रकरणाचा अहवाल आला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये बँकेने अंग काढून घेतलं. २०१३ चा हंगाम उजाडला तेव्हा तीच माणसं ‘ब्लँको’ या नावाखाली शर्यतीत उतरली, कारण जर्सीवर लिहायला कुणाचं नावच नव्हतं. पुढे बेल्किन, मग लोटोएनएल-जंबो, मग जंबो-व्हिस्मा, आणि २०२४ पासून व्हिस्मा-लीज अ बाइक. हा संघ निदान तगला तरी. एचटीसी-हायरोडची माणसं धडाधड शर्यती जिंकत होती, तरी नवा प्रायोजक सापडला नाही म्हणून २०११ च्या अखेरीस तो संघ बंद झाला. तिथल्या सायकलपटूंनी एकनिष्ठ राहायचं म्हटलं असतं तरी कुणाशी?

इथवर आलं की बरेच जण हात झटकतात. हा धंदा आहे, करार आहे तोवर काम करायचं, संपला की चालू पडायचं. पण या खेळाचं शरीरशास्त्रच या उत्तराच्या आड येतं. दुसऱ्याच्या पाठीआड सायकल चालवणाऱ्याची ताकद सपाटीवर एक तृतीयांशाच्या आसपास वाचते. ही वाचलेली ताकद पुढच्याच्या पायांतून गेलेली असते. टूर द फ्रान्समध्ये आज आठ जणांचा संघ उतरतो आणि पिवळी जर्सी एकाच्या अंगावर चढते. उरलेले सात जण तीन आठवडे त्याच्या आणि वाऱ्याच्या मध्ये राहतात, मागे गाडीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणतात, वेळ आली तर आपलं चाक काढून त्याला देतात. १९३४ च्या टूरमध्ये वीस वर्षांच्या रने व्हिएतोने पिरेनीजमध्ये आपला म्होरक्या आंतोनँ मान्ये याला असंच चाक दिलं. लगेच दुसऱ्या दिवशी मान्ये मागे अडकल्याचं कळलं, तेव्हा व्हिएतो उतरलेला घाट उलटा चढून पुन्हा त्याच्या मदतीला गेला. मान्येने टूर जिंकली, व्हिएतो पाचवा आला, आणि त्या त्यागासाठी फ्रान्सने त्याला डोक्यावर घेतलं. याच शर्यतीचा जनक आंरी देग्रांज याने १९११ मध्ये मोरिस ब्रोको याला, तो पैसे घेऊन दुसऱ्यासाठी राबतो म्हणून, शर्यतीतून काढलं होतं. तेव्हाचा धर्म होता की प्रत्येकाने स्वतःसाठी लढावं. तेवीस वर्षांत धर्म बदलला. दुसऱ्याच्या श्रमावर जिंकता येतं हे मात्र देग्रांजलाही दिसत होतं, म्हणूनच तर तो चिडला होता. आणि जिथे एकाचे श्रम दुसऱ्याच्या नावावर जमा होतात तिथे पगाराने सगळं फिटत नाही. पगार मालक देतो, त्याने मालकाचं देणं फिटतं. नाव ज्याला मिळालं त्याचं देणं तसंच राहतं.

धन आणि निष्ठा यांचा हा गुंता महाभारताने फार बारकाईने पाहिला आहे. युद्ध सुरू होण्याआधी युधिष्ठिर कवच उतरवून पायी कौरवसेनेकडे चालत जातो आणि भीष्म, द्रोण, कृप, शल्य यांची अनुज्ञा मागतो. चौघेही त्याचा जय चिंतितात आणि चौघेही एकच अडचण सांगतात, की कौरवांच्या धनाने आपण बांधलेले आहोत. ही कबुली मला केविलवाणी वाटते. करार पाळला आहे, मन केव्हाच उठून गेलं आहे. यानंतर जे घडतं त्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. युधिष्ठिर दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहून विचारतो, कुणाला आमच्याकडे यायचं आहे का? धृतराष्ट्राचाच मुलगा युयुत्सू सगळ्यांदेखत पांडवांकडे निघून जातो. पहिला बाण सुटण्याआधी, उघडपणे. महाभारत त्याला गद्दार ठरवत नाही. अखेरीस महाप्रस्थानाला निघताना युधिष्ठिर राज्याची देखरेख त्याच्याच हाती सोपवतो. याच्या शेजारी शल्य ठेवून पाहा. नकुल-सहदेवांचा हा मामा दुर्योधनाच्या वाटेवरच्या पाहुणचारात अडकून कौरवांकडे गेला. त्याने बाजू बदलली नाही, पण कर्णाचा सारथी होऊन त्याचं तेज मारण्याचं वचन युधिष्ठिराला दिलं आणि ते पाळलंही. पक्ष न सोडणारा शल्य आणि पक्ष सोडणारा युयुत्सू, यांत बेइमान कोण हे सांगायला फार विचार करावा लागत नाही. करार दुसरीकडे करून ऑगस्टनंतर घाटात अर्ध्या मनाने पाय मारणारा सायकलपटू शल्याच्या जातीचा. हंगाम संपेपर्यंत जीव तोडून राबणारा आणि मग सांगून जाणारा युयुत्सूच्या.

कुणी म्हणेल, मग कर्णाचं काय? मराठी वाचकाने कर्णावर जितकं प्रेम केलं तितकं क्वचितच कुणावर केलं असेल, आणि ते त्याच्या न सुटणाऱ्या निष्ठेमुळेच. कृष्णाने राज्य देऊ केलं तरी तो हलला नाही. पण त्याने कृष्णाला दिलेली कारणं पाहा. वाढवणारे आईबाप, आणि भर सभेत पाठीशी उभा राहिलेला एक मित्र. त्याची निष्ठा दुर्योधन नावाच्या माणसाशी होती, कौरव नावाच्या संघाशी नव्हती. भीष्म सेनापती असेपर्यंत पहिले दहा दिवस हाच कर्ण रणांगणाबाहेर राहिला, हे विसरून चालणार नाही.

माणसांशी निष्ठा म्हणजे नक्की काय, हे इटलीच्या १९८७ च्या जिरो द’इटालिया या शर्यतीकडे जवळून पाहिलं की कळतं, आणि ते सोपं नाही हेही कळतं. कारेरा संघात दोन म्होरके होते. इटलीचा रॉबेर्तो व्हिझेंतिनी आदल्या वर्षीचा विजेता आणि सापादाच्या टप्प्याआधी आघाडीच्या गुलाबी जर्सीत. दुसरा आयर्लंडचा स्टीफन रोश. सापादाच्या टप्प्यावर रोशने उतारावर हल्ला चढवला आणि तो पुढे निघून गेला. संघाचा व्यवस्थापक दाविदे बोइफावा याने थांबायला सांगितलं, तो थांबला नाही. मग कारेराच्या माणसांना आपल्याच माणसाचा पाठलाग करायला लावलं गेलं. एकाच रंगाची जर्सी पुढे आणि त्याच रंगाच्या जर्सी मागे, असं दृश्य त्या दिवशी इटलीने पाहिलं. संघातला बेल्जियन एडी स्केपर्स तेवढा एकटा रोशच्या बाजूने राहिला. पाठलागात व्हिझेंतिनी कोसळला, गुलाबी जर्सी रोशकडे आली, आणि पुढचे दिवस लोक रस्त्याच्या कडेने त्याच्यावर थुंकत होते. त्या गर्दीतून जाताना एका बाजूला स्केपर्स आणि दुसऱ्या बाजूला पॅनासोनिक या प्रतिस्पर्धी संघाचा रॉबर्ट मिलर, असे दोघे त्याला आडोसा देत चालले. रोशने जिरो जिंकली, मग टूर जिंकली, मग जागतिक विजेतेपद. पुढच्या वर्षी तो कारेरा सोडून फागोरकडे गेला, आणि स्केपर्सला बरोबर घेऊन गेला. मिलरही तिथेच आला.

रोशचा बचाव असा, की टूरमध्ये व्हिझेंतिनी आपल्यासाठी राबणार नव्हता, म्हणजे देवाणघेवाणीचा शब्द आधी त्याने मोडला. हे खरं धरलं तरी सापादाला चूक झाली असं मला वाटतं, आणि ती व्हिझेंतिनीपेक्षा मागच्या पाठलागातल्या माणसांबाबत जास्त. त्यांनी दोन आठवडे दोघांसाठीही वारा खाल्ला होता, आणि आता त्यांना स्वतःच्याच संघाविरुद्ध राबावं लागलं. फागोरकडे जाणं मात्र मला अजिबात दोषास्पद वाटत नाही. उलट त्याच जाण्यात या साऱ्या प्रकरणातली सर्वांत स्वच्छ निष्ठा दिसते. ज्याने एकट्याने साथ दिली त्याच्या भाकरीची सोय करून रोश गेला. हे अपवादानेच घडतं असं नाही. एचटीसी बंद पडल्यावर तिथला मार्क कॅव्हेंडिश स्काय संघाकडे गेला तेव्हा त्याचा सहकारी बर्नहार्ड आयझेल त्याच्याबरोबर गेला, आणि २०१६ मध्ये डायमेन्शन डेटाच्या जर्सीत आयझेल आणि मार्क रेन्शॉ हे दोघे जुने सहकारी पुन्हा त्याच्याभोवती होते. संघांची नावं बदलत गेली, माणसांचा गोतावळा टिकला.

यावरचा सर्वांत बळकट आक्षेप वेगळाच आहे. संघ स्वतः कुठे निष्ठा पाळतात? दुखापत झाली, पाय थकले, की करार वाढत नाही. मग ओझं सायकलपटूनेच का वाहावं? आक्षेपातलं वास्तव खरं आहे, निष्कर्ष मात्र चुकतो. संघ बेपर्वा आहे म्हणून संघाचं देणं उरत नाही, इतकंच त्यातून निघतं. सहकाऱ्याने तर काही केलेलं नसतं. २०२३ मध्ये सेप कुस या अमेरिकी मदतनिसाने मे महिन्यात प्रिमोझ रॉग्लिचला जिरो जिंकायला मदत केली, जुलैत योनास व्हिंगेगॉरला टूर जिंकायला. सप्टेंबरात स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत आघाडीची लाल जर्सी कुसच्याच अंगावर आली. अंग्लिरूच्या भयंकर चढावर रॉग्लिच आणि व्हिंगेगॉर त्याला मागे टाकून पुढे गेले. टप्पा रॉग्लिचने जिंकला आणि कुसची आघाडी अवघ्या आठ सेकंदांवर आली. नियम कुठलाच मोडला नव्हता, प्रायोजकाचं तर हितच होतं, कारण कुणीही जिंकला तरी नाव जंबो-व्हिस्माचंच. तरी रस्त्यावरचे आणि पडद्यासमोरचे लोक अस्वस्थ झाले, कारण देणं कुणाचं आहे हे त्यांना दिसत होतं. दुसऱ्या दिवसापासून दोघे कुससाठी राबले आणि तो जिंकला. काही आठवड्यांतच रॉग्लिचने करार बाकी असताना संघ सोडला आणि तो बोराकडे गेला. मला तो त्या जाण्यासाठी दोषी वाटत नाही. अंग्लिरूवरची काही मिनिटं मात्र खटकतात.

एक संघ मात्र माझ्या मांडणीला खरोखर अडचणीत आणतो. १९९४ मध्ये उभा राहिलेला एउस्काल्तेल-एउस्कादी बास्क लोकांचा होता. शेवटचा हंगाम सोडला तर बास्क किंवा बास्क क्लबांत घडलेलेच सायकलपटू तो घेई, आणि पिरेनीजचे घाट नारिंगी कपड्यांतल्या माणसांनी भरून जात. इथे संघामागे खरा समाज उभा होता. इथे सोडून जाणं म्हणजे लोकांना सोडणं नाही का? २०१३ मध्ये तो संघ बंद झाला, आणि त्यातला मिकेल लांदा बाहेर पडला. अस्ताना, स्काय, मोव्हिस्टार, बहरीन, पुढे क्विक-स्टेप. २०१७ च्या टूरमध्ये ख्रिस फ्रूमचा मदतनीस म्हणून तो तीन आठवडे राबला आणि एका सेकंदाने व्यासपीठाला मुकून चौथा आला. त्याच वर्षअखेर त्याने स्काय सोडलं. आणि त्याच वर्षी, मोडकळीला आलेल्या एउस्कादी प्रतिष्ठानचं अध्यक्षपद त्याने घेतलं, म्हणजे बास्क पोरांना जर्सी मिळावी. कराराची जर्सी एकाची आणि निष्ठा दुसऱ्याशी, हे दोन्ही त्याने एका अंगावर निभावलं, आणि फ्रूमला त्यात काही कमी पडलं नाही.

या देण्याची जाणीव खेळाला नाही असं नाही. टूरच्या विजेत्याला पाच लाख युरोंचं बक्षीस मिळतं आणि रिवाजाने ते सहकाऱ्यांत, मेकॅनिकांत, मालिश करणाऱ्यांत वाटलं जातं. पण एखादा तारा करार अर्धवट सोडून जातो तेव्हा भरपाईची रक्कम जुन्या संघाच्या मालकाकडे जाते. ज्यांच्या पाठीआड त्याची किंमत वाढली, त्या सहा-सात जणांना त्यातला वाटा मिळावा असा नियम नाही. बक्षिसाचा रिवाज याही पैशाला लावायला हवा. कोण किती दिवस कुणासाठी राबलं हे मोजायचं कसं, असं विचारलं जाईल. सायकलींवर लावलेल्या छोट्या संगणकांत आज प्रत्येकाच्या पायांची ताकद वॅटमध्ये नोंदली जाते. मोजणी अवघड नाही, आणि अंदाजाने वाटली तरी आजच्या शून्यापेक्षा ती न्याय्यच होईल.