बाजार ज्याचा, न्यायही त्याचाच?

एखाद्याने स्वतःच्या जागेत, स्वतःच्या पैशाने बाजार उभारला, तर त्या बाजारात माल मांडून बसणाऱ्यांवर त्याची सत्ता कोठपर्यंत चालावी? हा प्रश्न आजचा नाही. बंदराचा धक्का, नदीवरची तर, धान्याचे कोठार, गावाची पेठ या साऱ्यांच्या संदर्भात तो पूर्वी विचारला गेला आहे. आज तोच प्रश्न आपल्या खिशातील मोबाईलमध्ये येऊन बसला आहे. आपली मुले ज्याला ‘ॲप स्टोअर’ किंवा ‘प्ले स्टोअर’ म्हणतात, ते एक दुकान आहे आणि त्या दुकानालाही मालक आहे, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. पण घरातील एका खोलीत संगणकापुढे बसून, कोणाचीही नोकरी न करता एखादे ॲप तयार करणाऱ्या तरुणाला त्या मालकाचा विसर क्षणभरही पडत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ॲपल कंपनीचा आयफोन २००७ साली बाजारात आला, तेव्हा त्यावर बाहेरच्या कोणाचे ॲप थेट बसवण्याची सोय नव्हती. १० जुलै २००८ रोजी कंपनीने ॲप स्टोअर उघडले. आरंभी तेथे सुमारे ५०० ॲप्स होती. विक्रीच्या रकमेतील ७० टक्के ॲप करणाऱ्याला आणि ३० टक्के कंपनीला, असा वाटा ठरला. शिवाय वर्षाला ९९ डॉलर नोंदणीशुल्क. त्याच वर्षी गूगलनेही आपले दुकान उघडले. २०१२ पासून ते ‘गूगल प्ले’ या नावाने ओळखले जाते. तेथे नोंदणी एकदाच, २५ डॉलरची. जगातील बहुतेक मोबाईल या दोहोंपैकी एका कंपनीच्या प्रणालीवर चालतात. अँड्रॉइड फोनवर दुकानाबाहेरून ॲप घेण्याची वाट होती, पण ती धोक्याच्या सूचनांनी भरलेली. आयफोनवर तर अनेक वर्षे, जवळजवळ सर्वच देशांत, दुसरी वाटच नव्हती.

या दुकानांनी केलेले भले आधी मान्य केले पाहिजे. तसे न करणे हाही एक अन्यायच ठरेल. पूर्वी संगणकाची आज्ञावली विकायची, तर ती डब्यात बंद करून दुकानोदुकानी पोहोचवावी लागे. एकट्या माणसाच्या आवाक्यातले ते काम नव्हे. या नव्या दुकानाने एकट्या कारागिरालाही जगभरचे गिऱ्हाईक मिळवून दिले. पैसे गोळा करणे, ॲप पोहोचवणे, नवी आवृत्ती धाडणे ही सर्व उठाठेव दुकानानेच अंगावर घेतली.

वेशीवर पहारेकरी असावा, हेही खरेच. ऑगस्ट २००८ मध्ये एका विकसकाने पडद्यावर लाल रत्न दाखवण्यापलीकडे काहीच न करणारे ‘आय ॲम रिच’ नावाचे ॲप ९९९.९९ डॉलरना विकायला ठेवले, आणि आठ जणांनी ते विकत घेतले. ॲपलने ते लगेच काढून टाकले. हा झाला गमतीचा भाग. पण आपल्याकडे झटपट कर्ज देणाऱ्या बनावट ॲप्सनी कित्येक घरांची झोप उडवली. फोनमधील नावे आणि छायाचित्रे चोरून कर्जदारांची बदनामी केली. एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गूगलने अशी अडीच हजारांहून अधिक कर्ज-ॲप्स दुकानातून काढली, असे सरकारने संसदेत सांगितले. तेव्हा दार असावे की नसावे, हा वाद नाही. दारावर बसलेल्याने काय घ्यावे, कोणाला अडवावे आणि त्याचा जाब कोणाला द्यावा, हे तीन खरे प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न मोलाचा. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात रास्त किमतीचा विचार केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: वस्तू देताना विकणाऱ्याचे विशेष नुकसान होत असेल, तर त्याने ते किमतीत धरावे. पण घेणाऱ्याला तिचा मोठा लाभ होतो आणि विकणाऱ्याचे काही जात नाही, एवढ्याच कारणावरून किंमत वाढवू नये. कारण तो लाभ घेणाऱ्याच्या परिस्थितीतून निर्माण झालेला असतो, आणि जे आपले नाही ते कोणी विकू शकत नाही. हा निकष येथे लावून पाहावा. शंभर रुपयांचे ॲप पोहोचवायला दुकानाला जो खर्च येतो, जवळपास तोच हजार रुपयांचे ॲप पोहोचवायला येतो. किमतीतला फरक ॲप करणाऱ्याच्या बुद्धीतून आणि जागरणातून आलेला असतो. मग दुकानाचा वाटा दसपट का व्हावा?

यावर दुकानाच्या बाजूने एक उत्तर आहे. बहुसंख्य ॲप्स फुकट असतात आणि त्यांच्याकडून दलाली घेतली जात नाही. सारा डोलारा कमावणाऱ्यांच्या वाट्यावर उभा असतो. उत्तर अगदीच पोकळ नाही. तरीही शंका उरते. भागीदार नफ्यात वाटा घेतो, पण तोट्यातही खांदा देतो. जागेचा मालक तोट्यात पडत नाही, पण तो ठरलेले भाडेच घेतो. सरकार उत्पन्नाच्या प्रमाणात कर घेते, पण ते करदात्यांना उत्तरदायी असते. या दुकानांनी भागीदाराचा वाटा घेतला, घरमालकाची निश्चिंती घेतली आणि सरकारचा अधिकारही घेतला. त्या प्रत्येकाबरोबर येणारे कर्तव्य मात्र दूर ठेवले. टीका वाढल्यावर वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्यांसाठी ॲपलने जानेवारी २०२१ पासून दर १५ टक्क्यांवर आणला. गूगलनेही त्याच वर्षी पहिल्या दहा लाख डॉलरच्या कमाईवर तोच दर लावला. लहानांना दिलासा मिळाला, हे चांगलेच झाले. पण निम्मा दर घेऊनही दुकान चालू शकते, तर मूळ दर कशाच्या आधारावर ठरला होता, हे कोणी सांगितले नाही.

याहून गंभीर गोष्ट मौनाच्या सक्तीची. आपल्या संकेतस्थळावर हीच सेवा स्वस्त मिळते, असे आपल्याच ग्राहकाला ॲपमध्ये सांगण्यास ॲपलच्या नियमांनी मनाई केली होती. एपिक गेम्स या कंपनीने २०२० साली खटला भरला. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी बहुतेक मुद्द्यांवर ॲपलच्या बाजूने निकाल दिला, परंतु ही मनाई मात्र अनुचित ठरवली. जानेवारी २०२४ मध्ये ॲपलने बाहेरचा दुवा देण्यास परवानगी दिली, आणि त्या दुव्यावरून झालेल्या खरेदीवरही २७ टक्क्यांपर्यंत दलाली लावली! एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायाधीशांनी हा न्यायालयाचा अवमान ठरवला. आज्ञेचे अक्षर पाळायचे आणि तिचा आशय मारायचा, ही युक्ती फार जुनी आहे. दराबद्दल दोन मते असू शकतात. खरे सांगण्याची बंदी ही मात्र दराची बाब नव्हे. तेथे विक्रेता आणि ग्राहक या दोघांचाही माणूस म्हणून अवमान होतो.

दुसरा प्रश्न निवाड्याचा. व्यंगचित्रकार मार्क फिओरी यांचे ॲप ॲपलने डिसेंबर २००९ मध्ये नाकारले. सार्वजनिक व्यक्तींची टिंगल होते, हे कारण. एप्रिल २०१० मध्ये फिओरींना पुलित्झर पारितोषिक मिळाले. गाजावाजा झाला, कंपनीने त्यांना ॲप पुन्हा पाठवायला सांगितले आणि ते स्वीकारले. व्यंगचित्रे तीच होती. बदलली होती फक्त चित्रकाराची प्रतिष्ठा. ज्यांना पुलित्झर मिळत नाही, त्यांनी काय करावे? कोस्टा एलेफ्थेरिओ यांच्या ‘फ्लिकटाइप’ या कळफलकाचा उपयोग अंध व्यक्तींना विशेष होत असे. घड्याळावर कळफलक चालत नाही, असे सांगून ॲपलने २०१९ मध्ये त्यांना अडवले. पुढे ॲप आत आले, त्याच्या बनावट नकलाही आल्या. २०२१ च्या मार्च महिन्यात त्यांनी कंपनीवर दावा लावला. त्याच वर्षी ॲपलने आपल्या नव्या घड्याळात स्वतःचाच कळफलक दिला. २०२२ मध्ये दावा आपसात मिटला.

यात कोणाच्या मनात काय होते, हे ठरवण्याचा आपल्याला अधिकार नाही. रचनेतील दोष मात्र दिसतो. नियम करणारा, नियम लावणारा, निवाडा देणारा आणि शेजारीच आपले दुकान मांडणारा हे चौघे एकच असतील, तर त्याने साधुपणे वागूनही संशय फिटणार नाही. कोणीही आपल्याच खटल्यात न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले सूत्र आहे. दुसरे सूत्र म्हणजे शिक्षा देण्यापूर्वी कारण सांगावे आणि म्हणणे ऐकून घ्यावे. वर्षभराच्या श्रमाला दोन ओळींचे यांत्रिक उत्तर देऊन परत पाठवणे, हे ऐकून घेणे नव्हे.

तिसरा प्रश्न परावलंबनाचा, आणि येथे विषय थेट आपल्या घरांपर्यंत येतो. १ मार्च २०२४ रोजी गूगलने शुल्काच्या वादावरून दहा भारतीय कंपन्यांची ॲप्स दुकानातून काढायला सुरुवात केली. नोकरी, घर आणि विवाह जुळवणारी ॲप्स त्यांत होती. ‘ख्रिश्चन मॅट्रिमनी’ हेही त्यांतच होते. केंद्रीय मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, बैठक झाली आणि काही दिवसांत ॲप्स परत आली. त्यापूर्वी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, भारतीय स्पर्धा आयोगाने दुकानातील देयकपद्धतीच्या सक्तीबद्दल गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला होता. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो २१६.६९ कोटींवर आणला. मोठ्या कंपन्यांना मंत्रालयाचे दार ठोठावता आले. एकट्या विकसकाला ते दार कुठे आहे, हेही ठाऊक नसते.

आणि एकच वेस असली, की ती बंद करणेही सोपे जाते. ऑक्टोबर २०२१ मध्ये चीनमधील ॲप स्टोअरमधून कुराणाचे एक ॲप आणि ऑलिव्ह ट्री या कंपनीचे बायबलचे ॲप दिसेनासे झाले. तेथे सरकारला घरोघरी जावे लागले नाही. दारावर बसलेल्या एकाला सांगणे पुरेसे झाले.

‘दुकान आमचे, नियम आमचे, पटत नसेल तर दुसरीकडे जा’, हा मालकी हक्काचा युक्तिवाद आहे, आणि मालकी हक्क ही तुच्छ गोष्ट नव्हे. पण सतराव्या शतकातील इंग्लिश न्यायाधीश सर मॅथ्यू हेल यांनी बंदरांविषयी लिहिताना एक मर्म सांगितले होते. बंदरात एकच धक्का असेल आणि सर्वांना तेथूनच माल चढवावा-उतरवावा लागत असेल, तर तो धक्का केवळ खाजगी राहत नाही. मालकाने मनमानी शुल्क घेऊ नये. ते वाजवी असावे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७७ साली शिकागोच्या धान्यकोठारांच्या खटल्यात याच विचाराचा आधार घेतला. मालकी नष्ट होत नाही, पण दुसऱ्याला ‘दुसरीकडे’च उरले नाही, की मालकीला लोकसेवेचे बंधन लागते. आमच्या किनारपट्टीवरच्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

कायदे आता याच दिशेने वळत आहेत. दक्षिण कोरियाने २०२१ साली देयकपद्धतीच्या सक्तीला मनाई केली. युरोपीय संघाने अशा कंपन्यांना कायद्यातच ‘द्वारपाल’ हे नाव दिले आणि मार्च २०२४ पासून आयफोनवर इतरांच्या दुकानांना वाट करून दिली. पण तेथेही ॲपलने नव्या अटी पत्करणाऱ्यांच्या लोकप्रिय ॲप्सवर, दहा लाखांपुढील दर स्थापनेमागे वर्षाला अर्धा युरो असे नवे शुल्क आणले. कायदा दार उघडू शकतो. मनाचे दार उघडणे त्याच्या हाती नाही.

मग आपल्या हाती काय आहे? आपण ग्राहक आहोत, आणि आपली पहिली सवय ‘फुकट आहे का?’ असे विचारण्याची. सुताराला, शिंप्याला आपण मजुरी देतो; पडद्यावरच्या वस्तूमागेही कोणाचे हात असतात, याचा मात्र विसर पडतो. जे ॲप रोज उपयोगी पडते, त्याचे मोल आनंदाने द्यावे, आणि शक्य असेल तेथे ते थेट करणाऱ्याच्या हाती पडेल असे पाहावे. नोव्हेंबर २०२३ नंतर गूगलकडे वैयक्तिक खाते उघडणाऱ्या नव्या विकसकाला, ॲप विक्रीस मांडण्यापूर्वी २० माणसांकडून सलग १४ दिवस ते तपासून घेण्याची अट आली; डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ वर आली. मोठ्या कंपनीला बारा माणसे म्हणजे काहीच नव्हे, पण आडगावच्या एकट्या मुलीला ती जमवावी लागतात. आपल्या परिचयात असे कोणी असेल, तर त्या बारांपैकी एक होणे कठीण नाही.

विकसकालाही एक सांगणे आहे. दुकानाकडून आपण जी पारदर्शकता मागतो, तीच आपल्या ॲपमध्ये असली पाहिजे. वापरणाऱ्याची माहिती गुपचूप विकणाऱ्याने द्वारपालाच्या अन्यायाविषयी बोलू नये.

बाजार उभारणाऱ्याला त्याच्या कष्टाचे मोल मिळावे. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. परंतु बाजार उभारला म्हणून त्यात बसणाऱ्यांचे श्रम, त्यांचे शब्द आणि त्यांचे उद्याचे दिवस त्याच्या मालकीचे होत नाहीत. ज्याच्याकडे जाण्यावाचून इतरांना गत्यंतर नाही, त्याने स्वतःच्या मर्जीने नव्हे, तर सर्वांना दिसतील अशा नियमांनी बांधून घेतले पाहिजे. सामर्थ्य जितके एकवटलेले, तितका त्याने द्यावयाचा जबाब मोठा.