चिंताविकार आणि श्रद्धेचा प्रश्न

सतत चिंता करणाऱ्याची देवावरची श्रद्धा कमी पडते, ही समजूत मराठी घरांत जुनी आहे, आणि इंदूरची मराठी घरे तिला अपवाद नाहीत. मात्र चिंताविकार हा आजार आहे आणि तो दुर्मीळही नाही. २०१७ साली भारतात सुमारे साडेचार कोटी लोकांना तो होता, असा जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. बहुधा तो किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात सुरू होतो. स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक असते. आनुवंशिक कल, बालपणीचे आघात, पैशांची ओढाताण आणि भविष्याची अनिश्चितता यांनी तो बळावतो.

इंदुरात ही अनिश्चितता ठळकपणे दिसते. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचे मुख्यालय याच शहरात आहे. त्याच्या परीक्षांच्या तयारीला, भंवरकुआं भागातल्या कोचिंगसाठी, आसपासच्या जिल्ह्यांतली मुले खोल्या घेऊन राहतात. अशा अनिश्चिततेत खजरान्याच्या गणपतीला उलटे स्वस्तिक काढून नवस बोलायचा आणि इच्छा पुरी झाली की सुलटे काढायला यायचे, अशी इथली रीत आहे. तिला हसण्याचे कारण नाही, कारण हाताबाहेरची गोष्ट देवावर सोपवली की जीव खरोखर हलका होतो. पण नवसाची नजरही फळावरच असते. मग वडीलधारे गीतेतला फलत्याग सांगतात, आणि तो ज्याला साधत नाही त्याच्या माथी दुबळ्या श्रद्धेचा दोष येतो.

गीतेत मात्र असा दोष देण्याला आधार नाही. पहिल्याच अध्यायात अर्जुनाचे तोंड कोरडे पडते, अंग कापते, गांडीव हातातून गळते. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगातल्या प्रवचनांत त्याला भित्रा म्हटले नाही; त्याच्या विषादाचे मूळ त्यांना स्वजनांच्या मोहात दिसले. अर्जुनाला रोगी ठरवणेही चूकच. त्याच्या व्याकुळतेला समोर उभा प्रसंग होता, आणि संवादाने ती निवळली. विकारात प्रसंग टळला तरी धडधड, निद्रानाश, धास्ती महिनोन्महिने टिकते. फलत्यागाचा उपदेश निवड करू शकणाऱ्या मनाला केलेला आहे. ज्याची ती शक्तीच आजाराने हिरावली, त्याच्याकडून तिची अपेक्षा धरणे हा अन्याय आहे.

विचार आणि वर्तन बदलणारे मानसोपचार व औषधे, दोन्ही या विकारावर गुणकारी ठरतात, आणि त्यांसाठी जप किंवा पूजा सोडावी लागत नाही. तरीही २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सर्वसामान्य मनोविकार असलेल्या दहांपैकी आठांहून अधिक जणांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. इंदुरात बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे, आणि २०२२पासून टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते.