एका हाताचे लेखन

अपंगत्व हा शरीराचा गुण आहे की शरीर आणि साधन यांच्यातील संबंधाचा, हा वाद पुस्तकात वाचताना काहीसा पोकळ वाटतो. डावे मनगट मोडले म्हणजे तोच वाद कळफलकावर येऊन बसतो.

भारतीय लिप्यांसाठी प्रमाण ठरलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकाची मांडणी मोठी तर्कशुद्ध आहे. काना, मात्रा, वेलांटी, उकार डाव्या हाताखाली. बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली. क आणि ख यांची कळ एकच; ख हवा तर दुसऱ्या हाताने शिफ्ट धरायची. स्वराच्या आधारावाचून व्यंजनाचा उच्चार पूर्ण होत नाही, हे शाळेत पाठ केले होते. प्लास्टरमधल्या डाव्या हाताने ते आता प्रत्यक्ष शिकवले. या मांडणीत दोन हातांचा माणूस गृहीत धरलेला आहे. त्यात कुणाचा दुष्टावा नाही. पण गृहीताला दुष्टाव्याची गरजही नसते.

शिफ्ट दाबून सोडली तरी पुढच्या अक्षरापर्यंत ती दाबलेलीच मानावी, अशी सोय संगणकात आहे; विंडोज ९५ मध्येही ती होती. ती सुरू केली, आणि हाडात तसूभर फरक न पडता माझी अक्षमता कमी झाली. म्हणजे तिचा तेवढा अंश हाडात नव्हताच.

उरलेल्या अंशाचे काय? येथे तिरुवल्लिकेणीत भाचीच्या घरी विश्रांतीला आहे. ती म्हणाली, “मामा, तुम्ही सांगा, मी टाइप करते.” महाभारताच्या लेखनाची कथा आठवली. न थांबण्याची अट गणपतीची. अर्थ कळल्यावाचून न लिहिण्याची व्यासांची. लेखनिक म्हणजे उसना हात, हा समज ती कथा मुळातच खोडते. भाचीही मध्येच थांबून विचारते, “हे वाक्य खरंच असं हवंय?” मदत घेण्यात कमीपणा नाही, मात्र ती घेताच लेखनात दुसरे मन शिरते. एका बोटाने, रखडत टंकलेले वाक्य निदान निखळ माझे असते. ते अधिक चांगले असते, असे मात्र म्हणवत नाही.

जवळच पार्थसारथीचे मंदिर आहे. उत्सवमूर्तीच्या मुखावरचे व्रण भीष्माच्या बाणांचे मानतात. अलंकार चढवतात, व्रण बुजवीत नाहीत. माझे प्लास्टर मात्र सहा आठवड्यांनी निघेल. या अवस्थेत मी पाहुणा आहे, आणि पाहुण्याने घरच्यांच्या वतीने बोलू नये. बरा होणारा माणूस कळफलकाशी तडजोड करून दिवस काढतो. ज्याला बरे व्हायचे नाही त्याला सोय मागावी लागते, वर पुरावाही द्यावा लागतो. लिहिताना बोटे आखडण्याचा विकार असलेल्या, नागरी सेवा परीक्षेच्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता. चाळीस टक्क्यांचे प्रमाणित अपंगत्व नाही, एवढ्यावरून लेखनिक नाकारता येणार नाही, हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल लागला.