न वाजलेली शिट्टी

दिवाळीला मी शिरढोणला धाकट्या भावाकडे जातो. पनवेल मागे टाकून गोव्याच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात आमचे गाव येते. यंदा नरकचतुर्दशीला फराळ अंमळ जास्तच झाल्यामुळे मी ओटीवर आरामखुर्ची टाकून पडलो होतो. तोच पुतण्या आपली पलटण घेऊन हजर झाला.

"काका, तुम्ही पंच व्हा!"

हळवे भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात फुटबॉलचा सामना ठरला होता. एका बाजूला आमच्या आळीची मुले. दुसऱ्या बाजूला बांधकामावर आलेल्या मजुरांची, कुणी बिहारचा तर कुणी ओडिशाचा. कुणीतरी एक शिट्टी माझ्या गळ्यात अडकवली आणि मी पंच झालो. पण खेळ काही सुरू होईना. आमच्याकडे तीन कॉर्नर झाले, की एक पेनल्टी मिळते. त्या मुलांना ही भानगडच ठाऊक नव्हती. चेंडू बांधाबाहेर गेला तर तो हाताने फेकावयाचा की पायाने मारावयाचा, यावरही तंटा. मोडक्यातोडक्या हिंदीत अर्धा तास वाद चालला, आणि चेंडू बिचारा धसकटांत एकटा पडून राहिला.

मला हसू आले. अशीच एक बैठक २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनमधल्या फ्रीमेसन्स टॅव्हर्न नावाच्या पांथस्थगृहात भरली होती. त्या काळी इंग्लंडात प्रत्येक शाळेचा फुटबॉल निराळा. एकीकडे चेंडू हातात घेऊन पळता येई, दुसरीकडे ते पाप. कुठे तर प्रतिपक्षाच्या नडगीवर लाथ मारणेही शास्त्रसंमत! शाळा सोडून ही मुले एकत्र आली, की खेळ राहायचा बाजूला आणि वादच व्हायचा. म्हणून सहा बैठका झाल्या. लाथा बंद केल्या तर खेळातला मर्दपणाच जाईल, असे म्हणून ब्लॅकहीथचा संघ निघून गेला. उरलेल्यांनी तेरा नियम केले.

गंमत अशी, की त्या तेरा नियमांत पंचाचे नावही नव्हते. सभ्य माणसे आपसांत मिटवतील, असा भरवसा होता. पुढे दोन्ही बाजूंचा एकेक पंच आला आणि १८९१ साली शिट्टीवाला प्रत्यक्ष मैदानात उतरला. त्याच साली पेनल्टी आली. ती सुचविली आयर्लंडच्या विल्यम मॅक्रम नावाच्या गृहस्थाने. आणि तो स्वतः गोलरक्षक होता! कित्येक प्रतिष्ठित खेळाडूंना हा आपला अपमान वाटला. सभ्य माणूस जाणूनबुजून कुणाला पाडील, ही कल्पनाच त्यांना सोसेना.

त्यांचा राग मला पुष्कळ दिवस पटत असे. १९७० च्या विश्वचषकात पिवळी आणि तांबडी कार्डे आली. २०१८ मध्ये पंचाच्या मदतीला चित्रफीत आली. नियमांची वही जसजशी फुगते, तसतसा माणसाचा शब्द बारीक होतो, असे मी चारचौघांत ऐटीने म्हणत असे.

पण त्या खाचरातला वाद ऐकताना मला निराळेच दिसू लागले. आळीतली मुले आपसांत खेळतात, तेव्हा त्यांना नियम लागतच नाहीत. कोण रडका, कोण खोटारडा, हे सर्वांना पाठ असते. नियम लागतो तो परका समोर आल्यावर. तेव्हा नियम म्हणजे अविश्वास नव्हे. ज्याची ओळख नाही, त्याच्याशीही खेळता यावे म्हणून काढलेली ती वाट आहे.

आणि शिरढोणात बसून नियमांचा विचार करताना वासुदेव बळवंत फडक्यांची आठवण टाळता येत नाही. लंडनची ती बैठक भरली, तेव्हा या गावात जन्मलेल्या वासुदेव बळवंतांना अठरा वर्षे पुरी व्हायला नऊ दिवस कमी होते. १८७९ साली त्यांनी इंग्रजांच्या सत्तेविरुद्ध बंड केले आणि १८८३ साली एडनच्या बंदिवासात देह ठेवला. त्याच इंग्रजांचा खेळ मात्र आम्ही आपला म्हटला. असे का व्हावे? राज्याचा कायदा करणारा स्वतः त्या कायद्याच्या वर उभा होता. खेळाचा नियम करणाऱ्यालाही बांधतो. १९११ साली कलकत्त्यात मोहन बागानच्या बहुतांशी अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर पलटणीला दोन-एक असे हरविले, तेव्हा राज्यकर्त्यांनाही तो गोल गोलच म्हणावा लागला.

अखेर तडजोड होऊन सामना सुरू झाला. शेवटी-शेवटी दोन्हीकडे दोन-दोन गोल झालेले. त्यांच्यातल्या एका काटकुळ्या मुलाने चेंडू असा हाणला, की तो सरळ आत जाणार. तोच माझ्या पुतण्याने तो हाताने अडविला. माझ्या समोर, चार पावलांवर! बांधावर वहिनी उभ्या होत्या, आळी उभी होती. शिट्टी माझ्या ओठांत होती. मी ती वाजविली नाही.

त्या मुलाने माझ्याकडे एकदा पाहिले. तक्रार केली नाही. बाहेर गेलेला चेंडू आणायला तो मुकाट्याने पळाला. पुढच्याच झटक्यात आमच्या मुलांनी गोल केला आणि आळीने जल्लोष केला.

रात्री अंगणातल्या किल्ल्यावर पणत्या लावताना पुतण्याने खालच्या आवाजात विचारले, "काका, तुम्ही पाहिलं होतंत ना?"

"पाहिलं होतं."

"मला वाटलं, तुम्ही शिट्टी वाजवाल. मी थांबलोच होतो."

मला उत्तर सुचेना. पोराने चूक केली ती एका क्षणाच्या भरात. मी केली ती विचारपूर्वक. परक्यासाठी केलेला नियम मी ओळखीपायी मोडला होता. वर्षानुवर्षे मी वहीला दोष देत आलो. वही कितीही जाड झाली, तरी शिट्टी फुंकणाऱ्याला समोरचा परका आपल्याइतकाच वाटला पाहिजे, हे कोणत्याच पानावर लिहून भागत नाही.

"एक पेनल्टी त्यांची उधार आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे रस्त्यापलीकडे गेलो. मी त्या मुलाला सांगितले, "कल मेरी गलती थी." तो गोंधळला, मग हसला. खाचरात बारा पावले मोजून चेंडू ठेवला. पुतण्या गोलात उभा राहिला. मी शिट्टी वाजविली, चांगली खणखणीत.

चेंडू गोलावरून उंच गेला आणि शेजारच्या न कापलेल्या भातात पडला. मग दोन्हीकडची मुले मिळून तो शोधीत बसली.