वेदना, शब्द आणि साक्ष

भाषा आणि मन यांच्या संबंधाची चर्चा बहुधा विचाराच्या अंगाने होते. शब्दावाचून विचार संभवतो काय, हा तिचा परिचित प्रश्न. तोच प्रश्न वेदनेच्या संदर्भात विचारला की त्याचे स्वरूप पालटते. शब्दावाचून वेदना असू शकते काय, याचे उत्तर केवळ ज्ञानमीमांसेपुरते उरत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्याशी कसे वागावे, हेही त्यावर ठरते.

'वाक्यपदीया'त भर्तृहरी सर्व लौकिक ज्ञान शब्दाने अनुविद्ध असल्याचे प्रतिपादतो. या सिद्धांतावर पहिला आक्षेप संभवतो तो तान्ह्या मुलाच्या संदर्भात, आणि भर्तृहरीला त्याची जाणीव आहे. त्याच्या मते पूर्वसंस्कारांतून आलेली 'शब्दभावना' बालकातही असते. श्वास वर प्रेरित होणे आणि उच्चारणावयवांची पहिली हालचाल तिच्यावाचून शक्य नाही. पूर्वजन्माचे गृहीतक बाजूला ठेवले तरी या मांडणीतील एक गोष्ट महत्त्वाची उरते. भाषेचा आरंभ येथे कोशात नव्हे, तर श्वासात आणि स्नायूंत शोधलेला आहे.

विट्गेन्श्टाइन सर्वस्वी निराळ्या वाटेने या जागेजवळ येतो. त्याच्या मृत्यूनंतर, १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' या ग्रंथात तो एक शक्यता सुचवतो. मुलाला लागते, ते रडते. मोठी माणसे त्याला आधी उद्गार आणि नंतर वाक्ये शिकवतात. 'दुखते' हे वाक्य अशा रीतीने रडण्याचे वर्णन करीत नाही, ते रडण्याची जागा घेते. वेदनेचा शब्द हा आतल्या खाजगी वस्तूला चिकटवलेला नामपट्ट नसून शरीराच्या वर्तनाचाच विस्तार ठरतो.

मराठीची घडण या म्हणण्याला पोषक आहे. 'मी दुखतो' असे कोणी म्हणत नाही; 'मला दुखते' किंवा 'माझे डोके दुखते' असेच म्हटले जाते. दुखण्याचे कर्तेपण अवयवाकडे जाते आणि अनुभवणारा चतुर्थीत उभा राहतो. गळवाची 'ठसठस', खरचटल्याची 'चुरचुर' या शब्दांत तर द्विरुक्तीने वेदनेची लयच उचललेली असते.

मात्र भाषा आणि वेदना यांच्या या जवळिकीतून एक घातक निष्कर्ष निघू शकतो: जेथे शब्द नाही तेथे वेदनाही नाही. तो निव्वळ कल्पनेतला नाही. विसाव्या शतकाच्या आठव्या आणि नवव्या दशकांतही पाश्चात्त्य रुग्णालयांत नवजात अर्भकांवरील शस्त्रक्रिया अनेकदा अपुऱ्या वेदनाशमनात, स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांच्या आधारे होत. भूल देण्यातील धोका हे त्याचे एक कारण खरे. पण अर्भकाची मज्जासंस्था अपक्व असते, त्याला वेदना जाणवत नाही वा आठवत नाही, ही समजूतही त्यामागे होती. अर्भकाला शब्द नव्हताच. शिथिल केलेल्या स्नायूंमुळे रडणेही हिरावले गेले. कंवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून दिसले की, प्रभावी वेदनाशामक न मिळालेल्या अकालजात अर्भकांच्या शरीरात ताणाची संप्रेरके कितीतरी अधिक उसळतात. देह बोलत होता. त्याचे बोलणे 'भाषा' म्हणून गणले जात नव्हते.

आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेच्या व्याख्येतही हाच पेच आढळतो. १९७९ च्या व्याख्येने ऊतींच्या हानीशी निगडित अनुभवाबरोबरच, तशा हानीच्या भाषेत वर्णिलेल्या अनुभवालाही वेदना मानले. इजा दिसत नसतानाही रुग्णाच्या शब्दाला प्रामाण्य मिळाले, हा या व्याख्येचा मोठा गुण. पण 'वर्णन' या अटीने तान्ही मुले, स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध, मुके प्राणी यांचे काय, हा प्रश्न उभा केला. २०२० च्या सुधारित व्याख्येतून तो शब्द गेला, आणि शाब्दिक वर्णन हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक प्रकारांपैकी केवळ एक आहे, असे तिच्या टिपणीत नोंदवले गेले.

तर मग वेदनेच्या संदर्भात भाषेने नेमके काय साधते? तिच्यामुळे कालची वेदना आज सांगता येते, असलेली लपवता येते आणि नसलेली भासवताही येते. म्हणजे वेदनेविषयीच्या संशयाला खरी जागा भाषेनंतरच निर्माण होते. असे असताना, ज्याला खोटे बोलणे शक्यच नव्हते त्याच्या साक्षीवर अविश्वास दाखवला गेला. ही चूक तर्काची होतीच, पण ऐकणाऱ्याने आपली जबाबदारी बोलणाऱ्याच्या क्षमतेवर ढकलली, हा तिच्यातील नैतिक दोष अधिक गंभीर आहे. वेदना सिद्ध करण्याचे ओझे वेदनाग्रस्तावर टाकले की, ज्याला ती सांगता येत नाही तो आपोआप बाहेर पडतो.

या दृष्टीने मराठीतील 'कळवळणे' हे क्रियापद लक्षणीय आहे. वेदनेने तळमळणाराही कळवळतो आणि त्याला पाहून ज्याच्या जिवाला पीळ पडतो तोही कळवळतो. सोसणारा आणि पाहणारा यांच्यासाठी भाषेने येथे वेगळे क्रियापद ठेवलेले नाही, आणि दोघांच्या कळवळण्यासाठी एकाही उच्चारित शब्दाची अट घातलेली नाही.