हात बांधलेला प्रतिस्पर्धी

बुद्धिबळात एकाची चाल होईपर्यंत दुसऱ्याला थांबावे लागते. 'स्टारक्राफ्ट २' या संगणकीय युद्धखेळात अशी पाळीच नाही. संपत्ती मिळवणे, सैन्य उभारणे, टेहळणी, चढाई हे सारे दोन्ही पक्षांकडून एकाच वेळी, अखंड चालते. अशा खेळात माणसासमोर यंत्र बसवायचे, तर त्याच्या हाताला किती वेग द्यावा? आम्हांला हा प्रश्न केवळ तांत्रिक वाटत नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये डीपमाइंड या लंडनच्या कंपनीच्या 'अल्फास्टार'ने टीएलओ आणि मॅना या टोपणनावांनी खेळणाऱ्या दोन व्यावसायिक खेळाडूंना प्रत्येकी ५-० असे हरवले. यंत्राच्या कृती मिनिटाला सरासरी सुमारे २८० होत्या. मॅनाच्या त्याहून अधिक. आकडा निर्दोष दिसतो. पण सरासरी ही मोठी सोयीची गोष्ट आहे. माणसाच्या कृतींत कितीतरी निरर्थक टिचक्या असतात. यंत्राचा वेग मात्र ऐन चकमकीत हजारावर जाई, तोही अचूक. शिवाय माणसाला पडदा सरकवत रणभूमी तुकड्यातुकड्याने पाहावी लागते; यंत्राला आपल्या दृष्टीच्या टप्प्यातले सारे एकदम दिसे.

२४ जानेवारी २०१९ रोजी पडदा सरकवण्याचे बंधन घातलेली आवृत्ती मॅनासमोर आली आणि हरली. मॅनाने दोन युद्धयंत्रे तिच्या तळावर उतरवावीत, तिने सारी फौज माघारी धाडावी, तोवर ती उचलून न्यावीत, आणि पुन्हा तेच! कबूल करतो, आम्हांला आनंद झाला.

यंत्राचे हात बांधणे ही माणसावर केलेली दया आहे, असे काहींना वाटते. आम्हांला ते पटत नाही. 'डावपेचात जिंकलो' असे म्हणणारा बोटांच्या चपळाईने जिंकला असेल, तर त्याची साक्षच खोटी ठरते. बंधन हवे ते त्या साक्षीसाठी.

पुढे वेगावर कडक मर्यादा आली. २०१९ मध्येच अल्फास्टार युरोपातील खेळाडूंशी नाव लपवून खेळला आणि क्रमवारीत ९९.८ टक्के खेळाडूंच्या वर गेला. ओळख दिली असती तर लोक नेहमीसारखे खेळले नसते, हे खरे. आणि ज्यांनी आधी संमती दिली त्यांच्याशीच तो खेळला, हेही खरे. तरी हरल्यावर समोरच्याला 'छान खेळलात' असे लिहून निरोप घेण्याची या खेळात रीत आहे. त्या दिवसांत कित्येकांनी ती पाळली असेल. ते शब्द कोणाला पोहोचले?